नवी स्क्रीन येईपर्यंत

५ जानेवारी

आजपासून लिहून ठेवणार, तारखेसकट. मागच्या खेपेला ‘घेऊ की थांबू’ या आमच्या ग्रुपवर मी पाच अंदाज सांगितले होते. चार तंतोतंत बरोबर आले, आणि लॉन्च झाल्यावर सगळे शहाणे म्हणाले, "हे काय, सगळ्यांनाच माहीत होतं." सगळ्यांनाच माहीत होतं तर त्यातल्या तिघांनी आदल्याच आठवड्यात जुनं मॉडेल कशाला घेतलं? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आता वहीत शाईने राहील, नंतर कुणी तोंड वर करून बोलायला नको.

वही कुणाच्या हाती पडली तर म्हणून सांगतो. मी नितेश पालव, वय शेहेचाळीस, राहणार मुलुंड पूर्व. साकीनाक्याला एका लेथवाल्याच्या डोक्यावर आमची खोली आहे. आमची म्हणजे माझी आणि प्रज्योतची. प्रज्योत वेसाव्याचा कोळी, एडिट तो करतो. कलर मी करतो. त्याने चित्रं जोडायची, मी त्यांचे रंग बसवायचे. सकाळ सकाळीसारखी दिसली पाहिजे, आणि नवरी मांडवातून स्टेजवर गेली म्हणून तिच्या शालूचा रंग बदलता कामा नये. सोळा वर्षं हेच करतोय. स्वतःच्या तोंडाने सांगतो, उपनगरात माझ्यासारखे चार असतील.

अंदाज पहिला: पुढच्या पिढीच्या प्रोफेशनल लॅपटॉपला ओएलईडी स्क्रीन येणार, तीही दोन थरांची. कोरियातल्या कारखान्यांनी नवी मशिनं मागवली आहेत म्हणे, ती काय टीव्हीसाठी नाहीत. काळा रंग खरा काळा दिसेल आणि उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा.

मला तीच हवी आहे. आमच्या लॅपटॉपला सहा वर्षं झाली, स्क्रीन म्हातारी झाली. डावीकडचा वरचा कोपरा मंद पडलाय. गंमत म्हणजे त्या कोपऱ्याकडे सरळ बघितलं की ठीक दिसतो, नजर मधे आणली की पुन्हा मंद. म्हणजे आत कुठेतरी लूज काँटॅक्ट. मोठा मॉनिटर जोडून बघितला, त्यावरही तसंच. म्हणजे स्क्रीनच काय, चिपपण खराब होत चाललीय. प्रज्योतला दाखवलं तर म्हणाला, "मला तर बरोबर दिसतंय रे." त्याचं काय, एडिटवाल्याला कट दिसला की पुरे.

९ जानेवारी

अंदाज दुसरा: चिप दोन नॅनोमीटरची. तिसरा: मेमरी जास्त वेगवान, पण महाग, कारण जगातली सगळी मेमरी एआयवाले गिळतायत. चौथा: कॅमेऱ्यासाठी वरच्या कडेला जी काळी खाच आहे ती जाऊन बारीक भोक येणार. पाचवा: बोटाने चालणारी स्क्रीन. हा पाचवा खोटा ठरला तर मी नारळ फोडीन. रंग बघायच्या स्क्रीनवर लोक वडापाव खाल्लेली बोटं फिरवणार.

लॉन्च ऑक्टोबरात. मधल्या काळात जुनं घेईल तो गाढव. प्रज्योतला हेच सांगितलं, तर म्हणतो, "अरे, पण आत्ता काम अडतंय ना?" अडत नाही, मी सांभाळून घेतोय. डावीकडचा कोपरा प्रत्येक शॉटमध्ये थोडा उचलायचा, उजेड वाढवायचा, झालं. हाताला सवय झालीय.

डोळे चुरचुरत होते, थेंब घातले. हे थेंब म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. मधे अंधेरीच्या एका स्टुडिओत अधूनमधून कामाला जायचो, तिथे चहाच्या कपांशेजारी बाटली ठेवलेलीच असायची, ज्याला हवी त्याने घ्यावी. आता आमच्या मेडिकलवाल्याकडून घेतो, ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. दोन मिनिटांत लाली गायब. नऊ वर्षं झाली, दिवसातून तीनदा, काम जास्त असलं की चारदा. जे लोक डोळे लाल झाले म्हणून डॉक्टरकडे जाऊन अख्खा दिवस घालवतात, त्यांचं मला हसू येतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर सोसायटीत डोळे तपासायचं शिबिर. जान्हवीने मला हात धरून नेलं. बायको पतपेढीत असली की हा त्रास असतो, कुणाचीतरी सही झाल्याशिवाय तिला काही खरंच वाटत नाही. गेले सहा महिने माझ्या डोळ्यांमागे लागलीय, कारण काय, तर मी मोरीच्या दाराला दोनदा आपटलो.

तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. तपासणारी म्हणाली, "एक नंबर आहेत काका, फक्त वाचायला चष्मा लागेल." मी जान्हवीकडे वळून म्हटलं, "ऐकलंस?"

पलीकडच्या टेबलावर डोळ्यात हवेचा फुसकारा मारून दाब मोजायचं मशीन होतं. तिथे रांग होती, आणि तेवढ्यात सौरभने ग्रुपवर नव्या लॅपटॉपचा फोटो टाकला. फोटो बनावट होता, बिजागरीवरूनच कळत होतं. जिन्यात बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. चाळीस जणांनी अंगठे दिले. परत गेलो तर मशीन पेटीत बांधून झालं होतं.

१२ फेब्रुवारी

मोठं काम आलं. मनाली नावाची बाई आहे, चाळिशीची, नोकरी सोडून चार वर्षं एकच फिल्म करतेय. आमच्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांवर. अख्खी फिल्म म्हणजे पांढरं: मीठ पांढरं, पाणी पांढरं, बगळे पांढरे, वरून आभाळही पांढरं. मला म्हणाली, "नितेशदादा, पहाटेचं पांढरं आणि दुपारचं पांढरं वेगळं दिसलं पाहिजे. नाहीतर माझी चार वर्षं वाया. म्हणून तुमच्याकडे आले." मे महिन्यात एका मोठ्या महोत्सवाला पाठवायची शेवटची तारीख आहे.

असं काम सोळा वर्षांत आलं नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओला माझी आई सोडून कुणी कलर बघत नाही. खूप आनंद झाला, तो इथे लिहून ठेवतो, कारण खोलीत मी फक्त "बघतो" एवढंच म्हणालो.

प्रज्योत लगेच, "यार, या कामाला तरी नवीन मशीन घेऊ." मी म्हटलं, आठ महिने थांब. आत्ताच्या मॉडेलमध्ये स्क्रीन जुन्याच जातीची आहे, तिला कोपरे पडायला किती वेळ लागतो? तो चहा आणायला गेला.

३ मार्च

सकाळी स्टुलाला धडकलो. स्टूल रिकाम्या जागेत मधोमध. जान्हवी म्हणते तिथेच असतं, वीस वर्षं. हल्ली ती माझ्या ताटातली वाटी आणि पाण्याचा पेला दोन्ही उजवीकडे ठेवते. का विचारलं तर म्हणाली, "सहज."

आईचा गावाहून फोन. जान्हवीने तिच्याकडे चुगली केलेली दिसते. आई म्हणाली, "तुझ्या बापाशीचा असाच झाला होता. आधी उंबऱ्याक आपटाक लागले, मगे पायरेर पडाक लागले. काचबिंदू म्हणा होतो डॉक्टर. तू दाखय रे बाबा, हयगय करू नको." बाबा गिरणीतून सुटून गावाला गेले तेव्हा साठीचे होते. साठीत दिसायचं कमी होतंच. मी आईला म्हटलं, माझा तक्ता पूर्ण वाचून झालाय. तिला तक्ता काय ते कळलं नाही.

बातमी: दोन थरांच्या स्क्रीनचं उत्पादन सुरू झालं. अंदाज पहिला जवळजवळ पक्का. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "पालवांना विचारल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका." बरं वाटलं.

२८ मार्च

आज जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

एका जाहिरातीची जुनी फाइल उघडली. मी केलेल्या कामावर शेवटी आणखी एक दुरुस्ती चढवलेली. डावीकडचा वरचा कोपरा परत खाली आणलेला. म्हणजे मी उचललेला उजेड कुणीतरी पुसलेला. दुसरी फाइल उघडली, तेच. तिसरी, तेच. पहिली तारीख गेल्या ऑगस्टची. आठ महिन्यांतली चौदा कामं.

प्रज्योत समोरच होता. म्हटलं, "हे काय आहे?"

तो म्हणाला, "तू डावीकडे जास्त उचलतोस रे. पाठवायच्या आधी मी जरा बसवतो."

"आणि मला सांगत नाहीस?"

"सांगितलं होतं. ग्राफ बघ म्हटलं होतं, तू म्हणालास, कलर तू करतोस की मी."

हे खरं आहे. पण उजेडाचे आकडे दाखवणारा तो ग्राफ म्हणजे काय देव आहे? रंग डोळ्याने बघायचा असतो. मी ओरडलोच. म्हटलं, तुला स्वतःचं नाव करायचं होतं, माझ्या पाठीमागे क्लायंटला दाखवायचं होतं की बघा, मीच सगळं करतो. नाचता येईना अंगण वाकडं, कट धड बसत नाहीत आणि माझे रंग सुधारतोय.

तो म्हणाला, "नितेश, एकदा माझं ऐक, डोळे दाखव ना कुणाला—"

"डोळ्यांचं नाव काढायचं नाही!" मी इतक्या जोरात बोललो की खालचं लेथ थांबलं. "जान्हवीने पढवलंय ना तुला? चालता हो."

त्याने हार्डडिस्क, टिफिन आणि त्याच्या आईचा, मथुराबाईंचा फोटो उचलला. दारात थांबून म्हणाला, "मनालीची फिल्म पाठवायच्या आधी डावी बाजू कुणालातरी दाखव. मला नको, दुसऱ्या कुणालापण." आणि गेला. सोळा वर्षांची भागीदारी आणि जाताना टोमणा मारून गेला.

२ एप्रिल

खोलीत एकटा. प्रज्योत वांद्र्याच्या एका ऑफिसात लागला असं कळलं. झकास, लागू दे.

अंदाजात बदल नाही. फक्त बोटाने चालणाऱ्या स्क्रीनची बातमी पक्की होत चाललीय.

२१ एप्रिल

मनालीची फिल्म निम्मी झाली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. पहाटेच्या मिठाला किंचित निळं, दुपारच्याला कोरडं, हाडासारखं. एक म्हातारी मीठ ओढताना थांबून कमरेवर हात ठेवते, त्या शॉटला दोन दिवस दिले. कोपरा जास्तच मंद झालाय, आता वरची सगळी डावी बाजू उचलावी लागते. दिव्यांभोवती कडी दिसतात, तीही स्क्रीनचीच भानगड. कशीबशी ऑक्टोबरपर्यंत तग धरू दे.

थेंब चारऐवजी पाच वेळा.

जान्हवीने घाटकोपरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नंबर लावला होता, परवाचा. रद्द केला. फिल्म संपल्याशिवाय कुठेही नाही. तिने विचारलं, "आणि फिल्म संपल्यावर?" म्हटलं, बघू.

१० मे

अंधेरीच्या प्रिव्ह्यू थिएटरात फिल्म दाखवली. मनाली, तिची कॅमेरावाली आणि पाचसहा जण.

पहिल्या दहा मिनिटांत मनालीने मान वाकडी केली. मग कॅमेरावालीच्या कानाशी काहीतरी बोलली. मग दिवे लावायला सांगितले.

"नितेशदादा, डावीकडे हे धुकं कसलं आहे? प्रत्येक शॉटला?"

मी म्हटलं, प्रोजेक्टर. ऑपरेटरने दुसरी फिल्म लावून दाखवली, स्वच्छ. मी म्हटलं, मग आमच्या मशीनची स्क्रीन खराब आहे, मला तिथे मंद दिसतं म्हणून मी उचललं, ऑक्टोबरात नवीन येतेय. मनाली उठून पडद्याजवळ गेली. त्या म्हातारीचा शॉट थांबवलेला होता. मनालीने डाव्या बाजूला हात ठेवला आणि म्हणाली, "इथे हिची सून उभी आहे. पुसून गेलीय. तुम्हाला ती कधी दिसलीच नाही का?"

मी म्हटलं, दिसली. दिसली नव्हती. या वहीत खोटं कशाला लिहू? दोन दिवस त्या शॉटवर बसलो होतो आणि तिथे दुसरी बाई उभी आहे हे मला आज कळलं.

शेवटच्या तारखेला पाच दिवस. मनाली फाइल घेऊन गेली. रडली नाही, ओरडली नाही. "चार वर्षं, दादा," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

११ मे

चांगली स्क्रीन असती तर हे झालं नसतं. माझं चुकलं ते एवढंच, की प्रज्योतचं ऐकून फेब्रुवारीत नवीन लॅपटॉप घ्यायला हवा होता.

पण फेब्रुवारीत घेतला असता तर जुन्याच जातीची स्क्रीन मिळाली असती.

१९ मे

मनालीची फिल्म वेळेत गेली नाही असं कळलं. दुसऱ्या कुणीतरी डावी बाजू सुधारायला घेतली, पण पाच दिवसांत होईना.

जेवण जात नाही.

७ जुलै

दीड महिना काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, काम आलं नाही.

आज नाक्यावर रिक्षाने उडवलं. लागलं फार नाही, ढोपर फुटलं. रिक्षावाला ओरडत होता, "अंधा है क्या?" हॉर्न वाजवत होता म्हणे. आवाज आला, पण रिक्षा कुठून आली ते कळलंच नाही. हल्ली यांना शिस्त राहिली नाही.

जान्हवी ढोपराला हळद लावताना एकदम म्हणाली, "तुला आंधळा झालेला बघायचं का मी? तेवढं सांग, मग मी तुझा पिच्छा सोडते." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी कबूल केलं, लॉन्च झाला की जाऊ. नवीन स्क्रीनवर बघतो, तिथेही तसंच दिसलं तर जाऊ. ती म्हणाली, "म्हणजे तुला पण वाटतंय." मी म्हटलं, नाही वाटत, फक्त तुझी खात्री पटावी म्हणून.

१४ ऑगस्ट

ग्रुपवर हाहाकार. लॉन्च पुढच्या वर्षावर गेला अशी बातमी. सगळे मला विचारतायत. मी लिहिलं, थांबा. जे थांबतील त्यांचाच फायदा.

जान्हवीने हे वाचलं. फोन टेबलावर उपडा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

२ सप्टेंबर

बातमी खोटी होती. ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर.

आज एक वेगळीच गोष्ट झाली. वहीत लिहिताना ओळीची सुरुवात सापडेना. कागदावर. दिव्याची जागा बदलली, मग सापडली. खोलीतले दिवे बदलायला हवेत.

१५ ऑक्टोबर

सकाळी उठून लॉन्च बघितला. पाचपैकी पाच. पाचही. दोन थरांची स्क्रीन, चिप, मेमरी, खाचेऐवजी भोक आणि तो मेला बोटांचा कारभारसुद्धा. ग्रुपवर माझ्या नावाने पेढे वाटतायत. कुणीतरी मला ज्योतिषी म्हणालं.

इतक्या दिवसांनी मला फोन करून सांगावंसं वाटलं ते प्रज्योतला. नंबर काढला. केला नाही.

३१ ऑक्टोबर

घाटकोपरच्या दुकानात पहिल्या खेपेतला माझा लॅपटॉप. जान्हवी रजा काढून सोबत आली. का, ते मला माहीत होतं, तिलाही.

काउंटरवरच उघडला. काय स्क्रीन आहे! सोळा वर्षांत असा काळा बघितला नव्हता. मी करडा रंग पूर्ण स्क्रीनभर लावला, आम्ही स्क्रीन तपासतो तसा, आणि नजर मधोमध ठेवली.

डावीकडचा वरचा कोपरा नव्हता.

मंद नव्हे, नव्हताच. मी सेल्समनला म्हटलं, पीस खराब आहे, दुसरा दे. तो बिचारा दुसरा घेऊन आला. तेच. मी म्हटलं, अख्खी खेपच खराब दिसते. त्याने शोकेसमधला तिसरा आणून दोघांच्या शेजारी ठेवला. तिन्ही लॅपटॉप करडे, ओळीने. मी एकेकावर नजर ठेवत गेलो, आणि ज्याच्यावर नजर ठेवीन त्याचा डावा वरचा भाग नाहीसा होत गेला, आणि नजर पुढे गेली की मागचा लॅपटॉप पूर्ण व्हायचा. सेल्समन म्हणाला, "सर, प्रॉब्लेम नेमका कुठे आहे?"

मी जान्हवीकडे वळलो. तिच्या नाकावर नजर ठेवली. माझ्या डाव्या बाजूला येणारा तिचा कान दिसत नव्हता. कान, कानातलं, त्या बाजूचे केस. तिथे दुकानातल्या उजेडासारखंच काहीतरी पसरलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने सेल्समनला सांगितलं, "पीस ठीक आहे. पॅक करू नका, आम्हाला नको."

मला फार भीती वाटली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी तिचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा रस्त्यात.

४ नोव्हेंबर

हॉस्पिटल. डॉक्टर बाई मनमोकळ्या. थेंबांची बाटली मागून घेतली, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. "हे किती दिवस?" म्हटलं, या जानेवारीत नऊ वर्षं होती, आता दहा होत आली. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "यात स्टेरॉइड आहे. लाली जाते, पण डोळ्याच्या आत दाब वाढत राहतो, आणि दुखत काही नाही. त्यात वडिलांना काचबिंदू." मी म्हटलं, पण मी तक्ता पूर्ण वाचतो. त्या म्हणाल्या, "मधलं शेवटपर्यंत दिसतं. तक्ता मधल्या नजरेने वाचतात."

मग एका लहान खोलीत नेलं. पांढऱ्या वाडग्यासारखं मशीन. त्यात तोंड घालायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. डावा डोळा आधी. मी अंगठा तयार ठेवून बसलो. दिव्यांच्या बाबतीत मला कोण शिकवणार, असंही मनात येऊन गेलं.

दोनतीन दिवे लागले, दाबलं. मग काही नाही. मी थांबलो. खूप थांबलो.

मशीनवरची मुलगी हळूच म्हणाली, "काका, दाबा ना."

म्हटलं, "लागू तर दे."

मशीनची बारीक टिकटिक चालू होती. मग ती म्हणाली, "लागतायत, काका. मघापासून लागतायत."

मी अंगठा तसाच ठेवला. नुसतं दाबत राहावं असं वाटलं, शाळेत उत्तर येत नसताना हात वर करायचो तसं. दाबलं नाही. टिकटिक ऐकत बसलो.

डावा बहुतेक गेला. उजवा निम्मा आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते औषधाने राखता येतं, आणि कदाचित ऑपरेशन. मी विचारलं, जानेवारीत आलो असतो तर? डॉक्टर बाईंनी जान्हवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता पुढचं बघू या." बाहेर आल्यावर जान्हवी बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सगळं माझ्या हाताने केलंय.

९ नोव्हेंबर

ग्रुपमधून बाहेर पडलो. सौरभने विचारलं, दादा, पुढच्या पिढीत काय येणार? उत्तर दिलं नाही.

प्रज्योतला फोन केला. तासाभरात साकीनाक्याला आला. दारात चपला काढल्या आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसला, माझ्या डावीकडे, सोळा वर्षं बसायचा तिथेच. मी सगळं सांगितलं, रिपोर्ट दिला. त्याने रिपोर्टवरच्या काळ्या भागावरून बोट फिरवलं.

मी विचारलं, "ऑगस्टात ओळखलं होतंस?"

"वाटलं होतं."

"मग सरळ का नाही बोललास? आठ महिने माझ्या मागे पुसत बसलास. ओरडायचं होतंस. कॉलर धरून न्यायचं होतंस."

त्याने रिपोर्ट मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी गप्प बसलो असं मी सगळ्यांना सांगितलंय. आयलापण. पण तसं नाय रे. तू कलर सोडलास तर ही खोली बंद झाली असती. मला कोण ठेवणार या वयात? म्हटलं, जेवढे महिने निघतील तेवढे निघू दे." आणि मग, "मला माफ कर असं पण बोलवत नाय."

मला राग आला नाही. यायला नको होता तेव्हा तो फार आला, आता शिल्लक नाही. त्याने आठ महिने वाट बघितली, मी दहा. कुणाला काय म्हणणार?

खालचं लेथ बंद होतं, रविवार. डावीकडून काही आवाज येत नव्हता. तो रडतोय की नुसता बसलाय, हे बघायचं तर मला पूर्ण मान वळवावी लागली असती, आणि मी ती वळवली नाही.